पावसाळ्यात जीपीएसची उंची का हलते, आणि त्यातून हवेतलं बाष्प कसं मोजतात?

खाजनवाला

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय कारण डोकं पार चक्रावलंय.

मी मोजणीची कामं करतो, तिसवाडी-बार्देशात. सध्या चोडणला एका खाजनाच्या बांधाच्या लेव्हली घेतोय. गोव्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात, खाजन म्हणजे खाडीकाठची सखल शेतजमीन, मातीचे बांध घालून आणि मानशीच्या दारांनी भरतीचं खारं पाणी बाहेर ठेवलेलं असतं. बांध एखाद्या ठिकाणी चार बोटं खचला तरी मोठ्या भरतीला पाणी आत आणि भात गेलं, म्हणून उंचीत चार-पाच सेंटीमीटर म्हणजे तिथं चेष्टा नाही.

तर मे महिन्यात कोरड्या हवेत रोव्हरनं (पोलावर बसवलेला फिरता जीपीएस रिसीव्हर) काही पॉइंट घेतले होते. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर परत गेलो, तोच खिळा, तोच पोल, बबल नीट मध्ये, फिक्स सोल्युशन (म्हणजे मशीनच्या मते जागा सेंटीमीटरपर्यंत पक्की), आणि उंची चार सेंटीमीटरनं वेगळी! आडव्यात मात्र सेंटीमीटरसुद्धा हललं नाही. करेक्शन नेटवरून घेत होतो, ते देणारा बेस (जागा पक्की ठाऊक असलेला, एका जागी बसवलेला रिसीव्हर) बराच लांब, पार घाटाच्या बाजूला. ज्याच्याकडून मशीन घेतलं त्याला फोन केला तर म्हणे "मॉन्सूनमध्ये असं होतंच". अरे होतं ते मलाही दिसतंय, का होतं ते सांग ना.

शोधता शोधता कळलं की हाच घोळ वापरून लोक हवेतलं बाष्प मोजतात म्हणे. कुणी समजेल असं सांगेल का?

मांडवीकर

म्हणजे आता मोजणीवाले सांगणार पाऊस कधी येणार? मला एवढंच सांगा, चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचा (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांचा) बाजार करताना भिजायला होणार का नाही. बाकी चालू द्या, वाचतोय.

अनघा_पर्वरी

@खाजनवाला, मशीन तुमचं ठणठणीत आहे, बदललीय ती हवा.

उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर वर. सिग्नल तिथून निघाला कधी आणि इथं पोचला कधी, मधल्या वेळाला प्रकाशाच्या वेगानं गुणलं की अंतर. पण तो वेग पोकळीतला, आणि शेवटचे काही किलोमीटर सिग्नल हवेतून येतो, तिथं तो किंचित रेंगाळतो. हा उशीर मीटरमध्ये मांडला तर समुद्रसपाटीला, उपग्रह बरोब्बर डोक्यावर असतानासुद्धा, २.३ ते २.७ मीटर भरतो. उपग्रह कलला की हवेतला रस्ता वाढतो, क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर दुप्पट, १० अंशांवर तर साडेपाच पट.

वरच्या थरातल्या आयनोस्फियरचाही उशीर असतो पण त्याचा बंदोबस्त सोपा आहे. तो फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो, म्हणून जीपीएसच्या एल१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) आणि एल२ (१२२७.६० मेगाहर्ट्झ) अशा दोन सिग्नलची तुलना केली की जवळजवळ सगळा निघून जातो. खालच्या हवेचा उशीर दोन्हींना सारखाच, त्यामुळे तिथं ही युक्ती चालत नाही, तो आकडा गणितात अज्ञात म्हणून ठेवून सोडवावा लागतो.

या उशिराचे दोन भाग. मोठा कोरडा भाग, २.३ मीटरच्या आसपास, तो फक्त जमिनीवरच्या हवेच्या दाबावर ठरतो, चांगला बॅरोमीटर असला की मिलिमीटरपर्यंत काढता येतो. उरला तो ओला भाग, बाष्पामुळे येणारा. पाण्याच्या रेणूला धन आणि ऋण अशी दोन टोकं असतात म्हणून वजनाच्या मानानं तो रेडिओलहरीला फार जास्त अडवतो. थंड कोरड्या प्रदेशात हा भाग काही सेंटीमीटर, आपल्याकडे जुलैत ३५-४० सेंटीमीटर. आणि तो तासातासाला बदलतो.

आता उंचीच का बिघडते. पूर्वेच्या उपग्रहाची चूक पश्चिमेचा उपग्रह कापून टाकतो, उत्तर-दक्षिणेचंही तसंच. पण सगळे उपग्रह आपल्या वरच, जमिनीखालून सिग्नल द्यायला कुणी नाही, त्यामुळे वरची चूक कापली जात नाही आणि सरळ उंचीत जाऊन बसते. ढोबळ नियम असा की बेस आणि रोव्हरच्या डोक्यावरच्या उशिरात १ सेंटीमीटरचा फरक सुटला तर उंचीत ३ सेंटीमीटरच्या आसपास चूक. म्हणजे तुमच्या ४ सेंटीमीटरना १.३-१.४ सेंटीमीटरचा उशीर पुरला, आणि तेवढा उशीर म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर बाष्प! घाटाजवळच्या आणि चोडणच्या हवेत पहिल्या पावसाच्या सुमाराला एवढा फरक असणारच.

बाष्प मोजणारे हेच उलटं करतात. रिसीव्हर एका जागी पक्का गाडायचा, त्याची जागा मिलिमीटरपर्यंत ठाऊक, मग अज्ञात उरतो तो उशीरच. १९९२ मध्ये मायकेल बेव्हिस आणि सहकाऱ्यांनी हे नीट मांडलं. बेव्हिस स्वतः जमिनीच्या हालचाली मोजणारा माणूस, म्हणजे तुमच्याच जातकुळीतला 🙂

कोड_आणि_कोकम

वाखुसा (वाचनखूण साठवली). मी मूळ फोंड्याचा, सध्या पुण्यात, कोड लिहून पोट भरतो. अनघाताई, एक पूर्ण उदाहरण आकड्यांनी द्याल का? ओल्या उशिरातून मिलिमीटर पाणी कसं निघतं तिथं माझी गाडी अडलीये.

निवृत्त_फुगेवाला

धागा बघून राहवलं नाही. हयात हवामानाच्या नोकरीत गेली, त्यातली कितीतरी वर्षं फुगे सोडण्यात. वरच्या हवेचं तापमान, दाब, आर्द्रता आम्ही अशीच काढायचो, म्हणजे आजही काढतात, फुग्याला रेडिओसाँड (मोजून रेडिओवरून आकडे पाठवणारं छोटं यंत्र) बांधून. जगभर एकाच वेळी, आपल्या घड्याळानं पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेचे. पणजीहूनही फुगा जातो.

यात गंमत काय, पावसाळ्यात फुगा सुटला की खालचे पश्चिमी वारे त्याला घाटाकडे ढकलतात, मग पार वर गेला की तिथं पूर्वेकडून जोरदार वारा, तो त्याला परत समुद्राकडे आणतो. म्हणजे ज्याला आपण पणजीचा आकडा म्हणतो तो खरं तर कुठल्या कुठल्या गावांच्या वरचा असतो. तरी खालच्या दोन-तीन किलोमीटरातच बहुतेक बाष्प असल्यामुळे चालून जातं.

पण दोन फुग्यांच्या मध्ये बारा तास! दुपारी दोनला सांग्याकडे ढग फुटला तर फुग्याला त्याचा पत्ता नाही. आणि यंत्र एकदा गेलं की गेलं, दर खेपेला नवीन. जीएनएसएसचा (जीपीएस आणि इतर देशांच्या तशाच उपग्रहांचं मिळून नाव) आकडा पाच-दहा मिनिटांनी मिळतो, ढग असो पाऊस असो, त्याला फरक पडत नाही. उपग्रहावरच्या इन्फ्रारेड यंत्रांना ढगाखालचं दिसत नाही आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढगाशिवाय असतं काय. पण एक आहे, फुगा कुठल्या उंचीला किती बाष्प ते थरथर सांगतो, तुमचा अँटेना सगळं मिळून एकच बेरीज देतो. म्हणून फुगे बंद करा म्हणणाऱ्यांच्या मी विरोधात आहे हे नोंदवून ठेवतो.

अनघा_पर्वरी

काकांना +१. बेरीज आणि थर हा फरक फार महत्त्वाचा. थर हवे असतील तर त्याचाही मार्ग आहे, खाली फिरणाऱ्या छोट्या उपग्रहावर रिसीव्हर बसवायचा आणि जीपीएस उपग्रह पृथ्वीच्या कडेआड मावळताना वाकणारा सिग्नल पकडायचा. १९९५ पासून ते चालू आहे, तैवान-अमेरिकेच्या कॉस्मिक उपग्रहांनी २००६ पासून तेच केलं, आपल्या ओशनसॅट-२ वरही तसं यंत्र होतं. पण तो वेगळा धागा होईल.

@कोड_आणि_कोकम, घे उदाहरण. आकडे समजण्यापुरते, जुलैतल्या गोव्याला शोभतील असे. समज सरळ डोक्यावरचा एकूण उशीर २६७० मिलिमीटर निघाला. दाब १००५ हेक्टोपास्कल. दर हेक्टोपास्कलला २.२७७ मिलिमीटर, त्यात आपल्या अक्षांशाची किंचित दुरुस्ती, की कोरडा भाग २२९३. वजाबाकी ३७७, हा ओला. त्याला ०.१६३ नं गुण, ६१ मिलिमीटर. म्हणजे डोक्यावरच्या सगळ्या हवेतलं बाष्प पिळून खाली ओतलं तर जमिनीवर ६१ मिलिमीटर पाणी उभं राहील.

तो ०.१६३ कुठून आला तर हवेच्या सरासरी तापमानावरून, बाष्प जिथं जास्त तिथल्या तापमानाला जास्त वजन देऊन काढलेली सरासरी. बेव्हिसनं सोपं सूत्र दिलंय, जमिनीवरचं तापमान केल्विनमध्ये घे, ०.७२ नं गुण, ७०.२ मिळव. ते अमेरिकेतल्या फुग्यांवरून बसवलेलं आहे, आपल्या उष्ण दमट पट्ट्यात थोडं इकडेतिकडे होतं पण त्यानं एखादा टक्का हलतो फार तर.

खरी फसगत दाबात होते. फोनमधलं हवामानाचं ॲप दाखवतं तो समुद्रसपाटीला आणलेला दाब. माझं घर पर्वरीच्या सड्यावर, समज ७० मीटर उंचीवर, तर इथला खरा दाब त्यापेक्षा ८ हेक्टोपास्कलनं कमी. ॲपचा आकडा तसाच घातला तर कोरडा भाग १८ मिलिमीटरनं फुगणार आणि बाष्प ३ मिलिमीटर कमी दिसणार. फुगा आणि जीएनएसएस यांचा मेळच मुळी एक-दोन, फार तर तीन मिलिमीटरपर्यंत बसतो, म्हणजे त्या एका आकड्यानं सगळी मेहनत पाण्यात.

वाळपयकर

मी कुळागरवाला माणूस, सुपारी-नारळ-मिरी. सगळं वाचलं आणि मला एक साधी शंका आहे. तुमच्या हिशोबानं आभाळात आहेच मुळी ६० मिलिमीटर पाणी. सत्तरीत जुलैमध्ये एका दिवसात दोनशे मिलिमीटर पडलेला आम्ही बघितलाय, पणजीत तेव्हा निम्मासुद्धा नसतो. मग बाकीचा आला कुठून? आणि उलटं पण, ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस टिपूस नसतो, घामानं सदरा पिळून निघतो, तेव्हा तुमचं बाष्प कुठं जातं? मला वाटतं आकडा बरा आहे पण पावसाशी त्याचा काही संबंध नाही.

मांडवीकर

भाऊ, कुळागरात बसून एकदम वर्मावर घाव. 😄

अनघा_पर्वरी

@वाळपयकर, एकदम बरोबर प्रश्न, आणि शिकली-सवरलेली माणसंसुद्धा इथंच गोंधळतात.

गोव्याचं क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर. त्यावर ६० मिलिमीटरचं बाष्प म्हणजे २२ कोटी घनमीटर पाणी, जवळजवळ एक भरलेलं साळावली धरण आपल्या डोक्यावर, वाफ होऊन. पण ते साठवलेलं नाही, वाहतं आहे. अरबी समुद्रावरून वारा सतत नवीन बाष्प आणतो, घाटाला अडून वर चढतो, वर गार झाला की ओततो, आणि तोवर मागून दुसरं आलेलं असतं. म्हणून ६० च्या आभाळातून दिवसात २०० पडू शकतो. सत्तरी घाटाच्या पायथ्याला म्हणून तिथं जास्त, पणजी किनाऱ्यावर म्हणून कमी.

ऑगस्टच्या उघडिपीत बाष्प कुठंच जात नाही, आकडा थोडा उतरतो पण भरपूरच राहतो. त्याला वर उचलणारं काही नसतं, कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकलेला असतो. म्हणून आकडा मोठा म्हणजे पाऊस हे समीकरण आपल्याकडे चालतच नाही. जानेवारीत २०-२५, जुलैत ६०, एवढं तर कॅलेंडर बघूनही कळतं.

मग उपयोग कशाचा, तर चढ-उताराचा. मे अखेरीला दुपारी आकडा काही तासांत सपाट्यानं वर चढायला लागला की वळवाच्या ढगांना खाद्य मिळतंय. आणि त्याहून मोठा उपयोग म्हणजे असे शेकडो आकडे संगणकाच्या हवामान-मॉडेलला भरवायचे. जपाननं भूकंपासाठी सुमारे १३०० रिसीव्हर देशभर गाडले होते, त्यांच्याच उशिरातून निघणारं बाष्प तिथलं हवामान खातं २००९ पासून रोजच्या अंदाजात वापरतं. युरोपातही २००५ पासून देशादेशांची आकडेवारी एकत्र करतात. तिथं एका ठिकाणचा आकडा कुणी पाऊस सांगण्यासाठी बघतच नाही.

निवृत्त_फुगेवाला

आपल्याकडेही हवामान खात्याचं स्वतःचं जीएनएसएस जाळं आहे, सुरुवात मोजक्या शहरांपासून झाली, आता देशभर आहे. शिवाय सर्व्हे ऑफ इंडियाची कायमस्वरूपी स्टेशनं, ती हजाराच्या घरात आहेत, मोजणीसाठी. माझं जुनं मत, ही दोन खाती एका चहाच्या टेबलावर बसली पाहिजेत. प्रत्येक मोजणी-स्टेशनशेजारी एक बरा बॅरोमीटर ठेवला की फुकटात बाष्पाचं स्टेशन. आता बसली असतील तर आनंदच आहे.

खाजनवाला

बापरे, कधी विचार केला नव्हता की बांधाच्या लेव्हलीतून हे निघेल. म्हणजे मी ज्या बेसवरून करेक्शन घेतो तोच बाष्प मोजू शकतो!

आता माझ्या कामाचं सांगा. पावसाळ्यात बांधाच्या उंचीवर विश्वास ठेवायचा कसा? काम थांबवता येत नाही, बांध पावसाळ्यातच फुटतात.

अनघा_पर्वरी

बेस जवळ लावा एवढंच. चोडणवरच एखादा पक्का बेंचमार्क (उंची ठाऊक असलेली खूण) धरून स्वतःचा बेस उभा केलात, दोन-तीन किलोमीटरच्या आत आणि साधारण त्याच उंचीवर, तर दोघांच्या डोक्यावरची हवा एकच, उशीर आपोआप कापला जातो. लांबच्या बेसला सॉफ्टवेअर ठराविक प्रमाण हवा धरून दुरुस्ती करतं, ती हवा पुस्तकातली, पावसाळ्यातली नव्हे. चोर्ला घाटाच्या बाजूला बेस असेल तर उंचीचाच फरक काही शे मीटर, त्या मधल्या थरातलं बाष्प एकाच्या वाट्याला येतं आणि दुसऱ्याच्या नाही.

सरी जोरात असतील तेव्हा पॉइंट घेऊ नका, घ्यावाच लागला तर दोन-तीन तासांनी परत घ्या. आणि बांधाच्या माथ्याची शेवटची लेव्हल खरं तर साध्या ऑटो लेव्हलनं (तिपाईवरची दुर्बीण) आणि पट्टीनं ओढलेली बरी. त्याला आभाळाशी देणंघेणं नाही.

जुना_कंपासवाला

शेवटच्या वाक्याला शंभर टक्के सहमत. आजकालची पोरं लेव्हल उघडतच नाहीत. माडाखाली रोव्हर धरून फिक्सची वाट बघत उभी! ओल्या झावळ्यांवरून सिग्नल परावर्तित होऊन येतो त्याचं काय, त्याचं खापर पण बाष्पावर फोडणार का?

अनघा_पर्वरी

नाही फोडणार 🙂 तो वेगळाच दोष, आणि माडाखाली चांगलाच त्रास देतो. पण चोडणचा बांध उघड्यावर आहे असं धरून चाललेय.

खाजनवाला

उघडाच आहे. माड पलीकडच्या भाटात.

कोड_आणि_कोकम

मला घरच्या घरी हे करून बघायचंय. फोन चालेल का? अँड्रॉइड ७ पासून कच्चं मोजमाप मिळतं, आणि २०१८ पासून दोन फ्रिक्वेन्सीचे फोन आलेत.

अनघा_पर्वरी

फोन खेळायला ठीक, बाष्पाला नाही. चिप हुशार असते पण अँटेना नखाएवढा, वरून आलेला आणि भिंतीवरून आपटून आलेला सिग्नल त्याला सारखाच. त्यापेक्षा झेडईडी-एफ९पी सारखं दोन फ्रिक्वेन्सीचं स्वस्त मॉड्यूल आणि बरा अँटेना घे. अशा स्वस्त रिसीव्हरचा उशीर महागड्या स्टेशनशी काही मिलिमीटरच्या फरकानं जुळतो असं बऱ्याच ठिकाणी दिसून आलंय.

डेटा रायनेक्स (सगळीकडे चालणारा ठराविक नमुना) फाइलमध्ये साठव, दिवसभराची एक. मग कॅनडा सरकारची सीएसआरएस-पीपीपी नावाची मोफत सेवा आहे, फाइल पाठवली की जागा तर सांगतेच, वर डोक्यावरचा उशीर वेळेनुसार काढून देते. स्वतः चक्की दळायची हौस असेल तर जपानी तोमोजी ताकासूंचं आरटीकेलिब उघडं सॉफ्टवेअर आहे, तुझ्यासारख्याला कोडही वाचता येईल. उपग्रहांच्या अचूक कक्षा आणि घड्याळाच्या फाइली आयजीएस या आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेकडून मिळतात. बंगळुरूचं आयआयएससी स्टेशन आयजीएसमध्ये आहे, आधी त्याचा डेटा घेऊन तुझा हिशोब तपास, मग स्वतःच्या गच्चीवर चढ.

मांडवीकर

आणि आपलं नाविक, म्हणजे भारताचं स्वतःचं जीपीएस? त्याचं काही होतं का यात, का नुसतं अभिमानापुरतं.

अनघा_पर्वरी

होतं की. नाविकचे एल५ आणि एस असे दोन बँड, शिवाय २०२३ च्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून एल१ पण. उपग्रह भारतीय पट्ट्यावरच राहतात म्हणून आपल्याला कायम दिसतात. पण जे भूस्थिर आहेत ते आकाशात एकाच ठिकाणी, त्यामुळे त्यांच्याकडून हवेच्या एकाच रेषेचं मोजमाप मिळत राहतं. जीपीएस, गॅलिलिओ, ग्लोनास यांच्या जोडीला म्हणून उत्तम, एकट्यानं भागणार नाही.

वाळपयकर

अनघाबाय, धरणाचं गणित पटलं. आता माझं ऐका. पणजी-पर्वरीत सगळेच बसवतील, सत्तरीत कोण बसवणार? घराला स्लॅब आहे, वर पावसासाठी पत्रा टाकलाय, नेट बऱ्यापैकी असतं पण वीज पावसात दिवसातून कितीदा जाते त्याचा हिशोब नाही. कुणी यंत्र दिलं तर जागा माझी. फक्त माकडांचं काय ते बघा, टीव्हीची छत्री त्यांनी दोनदा फिरवून ठेवलीये.

निवृत्त_फुगेवाला

वाळपयकर, बॅरोमीटर माझ्याकडचा घ्या. जुना आहे पण तपासलेला आहे, घरात नुसता भिंतीला लटकलाय.

अनघा_पर्वरी

अहो काय सांगता, पर्वरीला अँटेना आहे माझ्याकडे, सत्तरीत दुसरा मिळाला तर किनारा आणि घाटाचा पायथा दोन्ही एकत्र बघता येतील!

पत्र्याच्या खाली अजिबात नको आणि पत्र्याला चिकटूनही नको, पत्रा आरशासारखा सिग्नल परतवतो. पत्र्याच्या सगळ्यात उंच कडेच्या वर किमान माणूसभर उंच लोखंडी खांब, तो भिंतीला दोन ठिकाणी आवळून, कारण अँटेना हलला तर सगळंच हललं. अँटेनाखाली गोल धातूची थाळी. क्षितिज पूर्वेला घाटानं किती झाकलंय त्याचा एक फोटो टाका, दहा-पंधरा अंशांपर्यंत चालून जाईल. मे-जूनच्या विजा आहेत म्हणून अर्थिंग आणि केबलला लाइटनिंग अरेस्टर हवाच, यात काटकसर नको. वीज गेली तरी रिसीव्हर फार खात नाही, साध्या इन्व्हर्टरवर रात्र निघते.

माकडांसाठी खांबाला खालून पत्र्याचा शंकू लावा, माडाला उंदरांसाठी लावतात ना तसाच. केबल मात्र खांबाच्या आतून न्या, बाहेर लोंबकळली तर शंकूचा काही उपयोग नाही.

वाळपयकर

शंकू घरातच पडून आहेत. रविवारी छपरावर चढून पूर्वेचा फोटो काढतो, पाऊस थांबला तर.